नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, जिल्हा रत्नागिरी, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ते रेव्हरंड टिळक या नावाने ओळखले जातात. निसर्ग आणि बालके यांच्यावरील कवितांमुळे मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून जाणतो. त्यांच्या कार्याचा दुसरा व तितकाच महत्त्वाचा भाग मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेशी निगडित आहे. अभंग, भजन आणि कीर्तन हे महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेचे प्रकार त्यांनी चर्चच्या उपासनेत मोठ्या प्रमाणावर आणले. उपासना म्हणजे केवळ नियमाने पार पाडावयाचा विधी नसून भक्ताने देवाचे सान्निध्य अनुभवण्याची वेळ होय, आणि हा अनुभव ज्याला त्याला आपल्या मातृभाषेच्या वळणातूनच सहज येतो, अशी त्यांची धारणा होती. या धारणेपायी त्यांनी आयुष्याच्या अखेरीस मिशनची नोकरीही सोडली. स्मृतिचित्रे या आत्मकथनाच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म दापोली तालुक्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव कडक होता. आई जानकीबाई धार्मिक व प्रेमळ वृत्तीच्या होत्या. कवितेची व भक्तीची गोडी टिळकांना आईकडून लाभली, असे त्यांचे चरित्रकार मानतात. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण कल्याण येथे झाले. ते जेमतेम अकरा-बारा वर्षांचे असताना आईचे निधन झाले आणि त्यानंतर त्यांनी घर सोडले. आईच्या वियोगाचे दुःख त्यांच्या मनात आयुष्यभर राहिले. पुढील काळात त्यांनी देवाला वारंवार माउली म्हणून हाक मारली, तिच्यामागे संतांच्या परंपरेबरोबर हा व्यक्तिगत अनुभवही असावा.

घर सोडल्यावर ते नाशिक येथे आले. तेथे गणेशशास्त्री लेले या विद्वानांकडे त्यांनी संस्कृत काव्य व शास्त्र यांचा अभ्यास केला. काही काळ इंग्रजी शाळेतही त्यांचे शिक्षण झाले, परंतु परिस्थितीमुळे ते पूर्ण होऊ शकले नाही. त्यांचे पुढील वाचन व व्यासंग बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने झाला.

विवाह आणि भ्रमंती

सुमारे १८८० मध्ये टिळकांचा विवाह नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी झाला. विवाहानंतर त्या लक्ष्मीबाई झाल्या. त्या वेळी त्यांचे वय अकरा-बारा वर्षांचे होते. विवाहानंतरही टिळकांची वृत्ती एका ठिकाणी स्थिर राहण्याची नव्हती. त्यांनी निरनिराळ्या गावी शिक्षकाची कामे केली, छापखान्यात काम केले, पुराणे सांगितली आणि कीर्तनेही केली. एखादी नोकरी मिळावी, काही महिने ती करावी आणि मनास पटेनासे होताच ती सोडून चालू लागावे, असा त्यांचा क्रम होता. या भ्रमंतीची झळ लक्ष्मीबाईंना सोसावी लागली. तिचे वर्णन स्मृतिचित्रे या ग्रंथात आले आहे.

तथापि या काळातील कीर्तनाचा अनुभव पुढे त्यांना उपयोगी पडला. श्रोत्यांना एका भावात कसे आणावे, गायन व निरूपण यांचा मेळ कसा घालावा आणि शिकलेला व न शिकलेला असे दोन्ही प्रकारचे श्रोते एका वेळी कसे सांभाळावेत, याचे शिक्षण त्यांना एखाद्या धर्मशिक्षणाच्या शाळेत मिळाले नव्हते. ते देवळाच्या सभामंडपात मिळाले होते.

धर्मशोध

१८९१ मध्ये टिळक नागपूर येथे आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत धर्मग्रंथांच्या संपादनाचे व भाषांतराचे काम केले. ऋषी या धार्मिक विषयांवरील मासिकाचेही ते संपादक होते. या कामामुळे त्यांचा हिंदू धर्मग्रंथांचा अभ्यास सखोल झाला. त्याचबरोबर त्यांचे प्रश्नही वाढले. जातिभेद, मूर्तिपूजा आणि कर्मकांड यांविषयी त्यांच्या मनात शंका होत्या. देशातील सर्व लोकांना एका बंधुभावात आणू शकेल असा धर्म कोणता, याचा ते शोध घेत होते. त्यांची धर्मजिज्ञासा आणि त्यांचे देशप्रेम या दोन गोष्टी एकमेकींपासून कधीच वेगळ्या नव्हत्या.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी भेट झाली. दोघांमध्ये काव्य व धर्म या विषयांवर संभाषण झाले. उतरताना त्या प्रवाशाने टिळकांना बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचत राहिल्यास दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील, असे भाकीत केले. टिळकांना ही गोष्ट त्या वेळी अशक्य वाटली. तरीही शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी वाचनास आरंभ केला. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. शत्रूवरही प्रेम करण्याचा उपदेश आणि देवाला पिता मानण्याची कल्पना यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला.

बाप्तिस्मा आणि कुटुंबवियोग

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तत्कालीन समाजात एका विद्वान ब्राह्मणाने धर्मांतर करणे ही खळबळजनक घटना होती. नातलगांशी संबंध तुटले. लक्ष्मीबाई लहान मुलासह माहेरच्या व सासरच्या आप्तांच्या आश्रयाने राहू लागल्या. पतिपत्नींचा हा वियोग सुमारे पाच वर्षे टिकला. या काळात टिळकांनी पत्नीला पत्रे व कविता पाठविल्या आणि आपल्याजवळ येऊन राहण्याची विनंती केली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या. प्रथम त्यांनी आपले सोवळे-ओवळे व वेगळा स्वयंपाक चालू ठेवला. हळूहळू जातिभेदाची कल्पनाच त्यांच्या मनातून गेली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचे मतपरिवर्तन पतीच्या आग्रहामुळे नव्हे, तर स्वतःच्या विचाराने झाले, हे त्यांच्या आत्मकथनावरून स्पष्ट होते.

अहमदनगर येथील कार्य

बाप्तिस्म्यानंतर टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत रुजू झाले. या मिशनच्या कार्याचा आरंभ १८१३ मध्ये मुंबई येथे झाला होता आणि १८३१ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे तिचे मोठे केंद्र होते. टिळकांचे वास्तव्य मुख्यतः अहमदनगर व राहुरी येथे झाले. त्यांनी धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले, खेडोपाडी जाऊन उपदेश केला आणि दुष्काळाच्या काळात निराधार मुलांना आधार दिला. पुढे त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञानोदय या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी १९१२ पासून केले.

त्यांचे घर साहित्यिकांसाठी सदैव खुले असे. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे काही काळ त्यांच्या घरी घरच्याप्रमाणे राहत होते. त्यांच्या काव्यप्रतिभेला टिळकांनी प्रोत्साहन दिले. ठोंबरे हिंदू होते आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांच्या स्नेहात धर्मांतराची अट नव्हती, याचे हे एक उदाहरण होय.

मराठी चर्चमधील तत्कालीन उपासना

टिळकांनी केलेल्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळातील मराठी चर्चमधील उपासनेचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांमध्ये रविवारची उपासना साधी असे. प्रार्थना, शास्त्रवाचन, गीते व उपदेश हे तिचे मुख्य भाग होत. उपदेशाला त्यांत प्रमुख स्थान असे. गीतांपैकी अनेक गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती पाश्चात्त्य चालींवर गाइली जात.

या गीतांमध्ये एक भाषिक अडचण होती. इंग्रजी पद्यरचना शब्दातील आघातावर आधारलेली असते, तर मराठी पद्यरचना ऱ्हस्व-दीर्घ मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर आधारलेली असते. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसविताना ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागे आणि दीर्घ अक्षर आखडावे लागे. त्यामुळे शब्दाचा नैसर्गिक उच्चार बिघडे व अर्थाकडे लक्ष राहत नसे. शिवाय पुस्तक हाती घेऊन कडव्यामागून कडवे म्हणण्याची ही पद्धत वाचता येणाऱ्यांच्या सोयीची होती. अहमदनगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक महार व मांग या समाजांतून आलेले आणि खेड्यांत राहणारे होते. त्यांच्यापैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती.

टिळकांच्या आधी हा प्रश्न कोणाच्याच लक्षात आला नव्हता असे नाही. अहमदनगर येथील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एतद्देशीय चालींवर ख्रिस्ती पदे रचली होती आणि ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडाही पाडला होता. टिळकांनी ही वाट अधिक रुंद केली. जन्मजात काव्यप्रतिभा, संस्कृत व मराठी काव्याचा व्यासंग आणि कीर्तनकाराचा अनुभव हे तिन्ही गुण त्यांच्या ठिकाणी एकत्र आले होते.

अभंग, भजन आणि कीर्तन

टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी पदे, अभंग, आरत्या व प्रार्थनागीते विपुल प्रमाणात लिहिली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासना संगीत या गीतसंग्रहात त्यांची सुमारे अडीचशे गीते आहेत. एका कवीच्या इतक्या रचना सामुदायिक उपासनेत रूढ होणे ही कोणत्याही भाषेत विशेष गोष्ट ठरेल.

अभंग हा छंद त्यांनी विचारपूर्वक निवडला. मोठ्या अभंगाच्या चौकात साधारणतः सहा-सहा अक्षरांचे तीन चरण व चार अक्षरांचा एक चरण असतो आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते. अक्षरे मोजकी असल्याने वाक्य आटोपशीर होते व तोंडी बसते. भजनात एकाने चरण म्हणावा, इतरांनी तो उचलावा आणि ध्रुपद पुन्हा पुन्हा यावे, अशी रीत असते. त्यामुळे वाचता न येणारा माणूसही दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात गाऊ लागतो. आवर्तनाने लय वाढत जाते, टाळ व मृदंग यांची साथ असते आणि गाणारा समुदाय हळूहळू एका भावात येतो. वारकरी संप्रदायाने शतकानुशतके जोपासलेली ही पद्धत टिळकांना उपासनेसाठी सर्वथा योग्य वाटली. येथे गाणारे आणि ऐकणारे असे दोन वर्ग राहत नाहीत.

कीर्तनाच्या बाबतीतही त्यांनी मूळ आराखडा कायम ठेवला. नारदीय कीर्तनात आरंभी नमन, पूर्वरंगात एखाद्या पदाच्या आधारे तत्त्वाचे निरूपण, मध्ये भजन आणि उत्तररंगात आख्यान असा क्रम असतो. ख्रिस्ती कीर्तनात पुराणकथेच्या जागी बायबलमधील कथा आली. येशूच्या जीवनातील प्रसंग व त्याने सांगितलेले दाखले हे आख्यानाचे विषय झाले. दिवसभराचे काम आटोपल्यावर गावकरी रात्री एकत्र जमत. चर्चच्या दारात सहसा पाऊल न ठेवणारे हिंदू श्रोतेही अशा कीर्तनास येऊन बसू शकत. लक्ष्मीबाईंनीही पुढे ख्रिस्ती कीर्तने केली.

देवाच्या सान्निध्याची कल्पना

चाली व वाद्ये बदलणे एवढाच टिळकांचा हेतू नव्हता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांच्या श्रद्धेत विचाराचा भाग अधिक होता. ख्रिस्ताची नीती त्यांना श्रेष्ठ वाटली होती आणि राष्ट्राच्या उन्नतीसाठी ती आवश्यक आहे, असे त्यांचे मत झाले होते. पुढील काळात ही श्रद्धा भक्तीकडे वळली. ज्ञानेश्वर, नामदेव व तुकाराम यांच्या वाङ्मयाकडे ते नव्या दृष्टीने पाहू लागले. विशेषतः तुकारामांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत येण्याचा मार्ग दाखविला, असे ते कृतज्ञतेने सांगत. जुना करार ही जशी यहुदी लोकांची पूर्वतयारी, तशी संतांची वाणी ही भारतीय ख्रिस्ती माणसाची पूर्वतयारी होय, असा विचार त्यांनी मांडला.

संतांपासून त्यांनी घेतलेली मुख्य गोष्ट म्हणजे देवाशी असलेले जवळिकीचे नाते. संत ज्याप्रमाणे विठ्ठलाला माउली म्हणतात, त्याच्याशी बोलतात, रुसतात व त्याच्या भेटीसाठी व्याकूळ होतात, त्याच नात्याने टिळकांच्या गीतांतील भक्त ख्रिस्ताशी बोलतो. ख्रिस्त हा त्यांच्या गीतांत आई, गुरू, सखा व स्वामी अशा अनेक रूपांनी येतो. आयुष्याच्या उत्तरकाळातील रचनांचा अभंगांजली हा संग्रह या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्यातील अनेक अभंगांत देव दूर स्वर्गात बसलेला न्यायाधीश नसून श्वासाइतका जवळ असलेला सोबती आहे. त्याच वेळी आपण अद्याप अपुरे आहोत, अजून देवापासून दूर आहोत, ही खंतही त्यांच्या गीतांत सतत येते. सान्निध्याचा आनंद आणि विरहाची तळमळ या दोन्ही अवस्था वारकरी संतांच्या वाणीप्रमाणेच त्यांच्या गीतांतही आढळतात.

सान्निध्य हा एकट्याच्या ध्यानातील अनुभव आहे, असे मात्र टिळकांनी मानले नाही. जेथे दोघे किंवा तिघे ख्रिस्ताच्या नावाने जमतात तेथे तो त्यांच्यामध्ये असतो, ही शुभवर्तमानातील शिकवण आणि संत जेथे नामसंकीर्तन करतात तेथे देव उभा असतो, ही वारकऱ्यांची श्रद्धा, यांत त्यांना साम्य दिसले. त्यामुळे सामुदायिक भजन हे त्यांच्या उपासनेचे केंद्र बनले. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या कवीची गीते एकेकाळी अस्पृश्य मानलेल्या समाजांतील स्त्रीपुरुष त्याच्याबरोबर बसून गात होते. त्या काळच्या महाराष्ट्रात ही साधी गोष्ट नव्हती. ज्या देवळांत संतांचे अभंग गाइले जात, त्यांपैकी अनेकांची दारे या लोकांना बंद होती.

आक्षेप आणि मतभेद

टिळकांच्या या प्रयत्नांचे सर्वांनीच स्वागत केले असे नाही. टाळ, मृदंग व कीर्तन या गोष्टी हिंदू पूजेशी इतक्या जोडलेल्या आहेत की त्या चर्चमध्ये आणल्यास नवख्या ख्रिस्ती माणसाचा गोंधळ होईल, असा एक आक्षेप होता. हा आक्षेप केवळ परदेशी मिशनऱ्यांचा नव्हता. जुना धर्म सोडताना मोठी किंमत दिलेल्या काही मराठी ख्रिस्ती लोकांनाही त्याची जुनी चिन्हे पुन्हा नको होती. त्यांच्या दृष्टीने पाश्चात्त्य चाल ही नव्या जीवनाची व नव्या प्रतिष्ठेची खूण होती. दुसरा आक्षेप भावनेविषयी होता. भजनाच्या लयीत येणारी तल्लीनता हीच देवाची भेट समजली गेली, तर वचनाचा अभ्यास व नित्याचे आचरण मागे पडेल, अशी भीती काहींना वाटे.

या आक्षेपांत तथ्य नाही असे म्हणता येत नाही. टिळकांच्या गीतांत मात्र तल्लीनतेबरोबर सेवेचा आग्रहही सातत्याने आढळतो. देवाची भेट झाली की नाही याची खूण माणसाच्या वागण्यात दिसावी, दीनदुबळ्यांविषयी त्याचे प्रेम वाढावे, असे त्यांचे म्हणणे होते. दुष्काळातील मुलांना घरात ठेवून घेणे व आलेल्याला विन्मुख न पाठविणे हा त्यांच्या उपासनेचाच भाग होता. घरात पैसा टिकत नसे आणि त्याचा त्रास संसार चालविणाऱ्या लक्ष्मीबाईंना होई, हेही तितकेच खरे आहे.

त्यांचा स्वतःचा आक्षेप अधिक मूलगामी होता. मराठी चर्च परकीय पैशावर व परकीय नेतृत्वावर अवलंबून राहिले, तर आपल्या देशबांधवांना ख्रिस्त हा परका देवच वाटत राहील, अशी त्यांना चिंता होती. मिशनऱ्यांपैकी अनेकांशी त्यांचा स्नेह होता. पुणे येथील निकल मॅक्निकल यांनी त्यांच्या अनेक गीतांचे इंग्रजी अनुवाद केले. तथापि भारतीय ख्रिस्ती माणसाने आपल्या पायांवर उभे राहावे, हे मत त्यांनी मिशनऱ्यांपुढेही निर्भीडपणे मांडले.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेतून व वेतनातून मुक्त होण्याचा निर्णय घेतला आणि सातारा येथे वास्तव्य केले. या वेळी त्यांचे वय पंचावन्न वर्षांचे होते. उर्वरित आयुष्य संन्यस्त वृत्तीने घालविण्याचा त्यांचा संकल्प होता. सातारा येथे त्यांनी देवाचा दरबार या नावाने एक बंधुसंघ स्थापन केला.

या नावातच त्यांची उपासनेची कल्पना सामावलेली होती. दरबार म्हणजे जेथे स्वामी प्रत्यक्ष उपस्थित असतो व सेवक त्याच्यासमोर उभे राहतात ते स्थान. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्ती लोकांप्रमाणेच बाप्तिस्मा न घेतलेल्या, परंतु ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या लोकांनाही प्रवेश होता. भजन, कीर्तन व धर्मचर्चा यांतून सर्वांनी ख्रिस्ताच्या सान्निध्याचा अनुभव घ्यावा, अशी योजना होती.

ही कल्पना तत्कालीन चर्चला अडचणीची वाटणे स्वाभाविक होते. बाप्तिस्मा हे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश करण्याचे द्वार मानले जाते. त्या द्वारातून न आलेल्या माणसालाही ख्रिस्ताचे सान्निध्य लाभू शकते, असे मान्य केल्यास मंडळीची मर्यादा कोठे आखावयाची, हा प्रश्न उपस्थित होतो. टिळकांनी स्वतः बाप्तिस्म्यासाठी घर, जात व पाच वर्षांचे कौटुंबिक सुख गमावले होते. त्यामुळे ते बाप्तिस्म्याला कमी लेखत होते असे मानता येत नाही. आपण जी किंमत दिली ती प्रत्येक जिज्ञासूला देववेलच असे नाही आणि तेवढ्यासाठी त्याला उंबरठ्याबाहेर ठेवू नये, अशी त्यांची भूमिका होती.

साहित्य

टिळकांची धर्मेतर कविता मराठीच्या आधुनिक कालखंडातील महत्त्वाची कविता मानली जाते. केवढे हें क्रौर्य, वनवासी फूल, सुशीला, माझी भार्या व बापाचे अश्रू या त्यांच्या परिचित रचना होत. कौटुंबिक प्रेम, फुलांचे व पाखरांचे जग आणि देशप्रीती हे त्यांचे आवडीचे विषय होते. सृष्टीतील लहानशा वस्तूतही देवाचा हात पाहण्याची त्यांची वृत्ती या कवितांतून दिसते. म्हणून त्यांची निसर्गकविता व भक्तिगीते यांमध्ये स्पष्ट सीमारेषा आखणे कठीण जाते.

येशूच्या जीवनावरील ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी ओवी छंदात लिहावयास घेतले. ख्रिस्ती विषयासाठी ओवीचा उपयोग करण्याची परंपरा गोव्यातील फादर थॉमस स्टीफन्स यांच्या सतराव्या शतकातील ख्रिस्तपुराण या ग्रंथापासून चालत आली होती. टिळकांच्या हातून या काव्याचे आरंभीचे अध्यायच लिहून झाले. उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी पूर्ण केला.

अखेर

देवाचा दरबार स्थिर होण्यापूर्वीच टिळकांची प्रकृती बिघडली. उपचारासाठी त्यांना मुंबई येथे नेण्यात आले. तेथील जे. जे. रुग्णालयात ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या देहाचे दफन न करता दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे दहन करण्यात आले आणि त्यांच्या अस्थी अहमदनगर येथे नेण्यात आल्या. भारतीय रीत ख्रिस्ती श्रद्धेला बाधक नाही, हे जन्मभर मांडलेले मत त्यांनी मृत्यूनंतरच्या विधीतही पाळले.

प्रभाव

टिळकांच्या पश्चात देवाचा दरबार फार काळ टिकला नाही. त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या आधाराने उभी राहिलेली ही संस्था त्यांच्या अभावी विस्कळीत झाली. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना उपासनेत सामावून घेण्याचा त्यांचा विचार चर्चने संस्थारूपाने स्वीकारला नाही. त्यांची गीते मात्र चर्चने मनापासून स्वीकारली. मराठी भाषक मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेत, नाताळात, शुभ शुक्रवारी, विवाहप्रसंगी व अंत्यविधीच्या वेळी ती आजही गाइली जातात. पंथभेद बाजूला ठेवून निरनिराळ्या मंडळ्यांनी ती आपली मानली आहेत.

जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. विन्स्लो यांनी स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघ या आश्रमाच्या कार्यात भारतीय पद्धतीच्या ख्रिस्ती जीवनाचा व उपासनेचा पुरस्कार होता. लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रे या ग्रंथामुळे टिळकांचे हट्टी, उदार, विसराळू व भक्तिमान व्यक्तिमत्त्व सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत पोहोचले. त्यांचे पुत्र देवदत्त नारायण टिळक यांनीही लेखक म्हणून नाव मिळविले.

ख्रिस्ती उपासना भारतीय भाषांत व भारतीय संगीतात व्हावी, ही गोष्ट आज बहुतेक सर्व पंथांत मान्य झाली आहे. टिळकांनी ती मांडली तेव्हा तिच्यासाठी वाद करावा लागत होता. देवळाच्या सभामंडपात शिकलेली कीर्तनाची कला आणि तुकारामांपासून घेतलेली भक्ती त्यांनी ख्रिस्ताच्या उपासनेला वाहिली. त्यांच्या आधी परक्या चालीत अडखळत गाणाऱ्या मराठी मंडळीला आपल्या भाषेत देवाला हाक मारता आली, हे त्यांच्या कार्याचे सर्वांत टिकाऊ फळ होय.